हिशोब जुळत नाहीये? सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी हे करून बघा

घरचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवायला घेतला की पहिले पंधरा दिवस भारी मजा येते, खाती बनवा, नावं द्या, रिपोर्टमधले रंगीत गोल बघत बसा. आणि मग एक दिवस बँकेचं स्टेटमेंट एक आकडा सांगतं, स्क्रीन दुसराच सांगते आणि आपण ठरवून टाकतो की सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. मी पण ठरवलं होतं. तीन वेळा. तिन्ही वेळा बग खुर्चीत बसला होता.

मी ग्नूकॅश वापरतो. फुकट आहे, लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे चालतं आणि दुहेरी नोंद पद्धतीवर (प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहायचा, एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा) उभं आहे. खाली मेनूची नावं त्याचीच दिलीत, पण तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असलं तरी दुखणी तीच असतात कारण पद्धत तीच आहे. कॉमर्सवाल्यांना यातलं अर्धं माहीत असेल, त्यांनी उड्या मारत वाचलं तरी चालेल. मी कॉमर्सचा नाही, त्यामुळे जिथे मी अडखळलो तिथे जरा जास्त वेळ थांबलोय.

बसण्याआधी हे जवळ असू द्या:

- ज्या खात्याचा घोळ आहे त्याचं स्टेटमेंट, शक्यतो ज्या महिन्यात शेवटचं सगळं जुळलं होतं तिथपासूनचं
- क्रेडिट कार्ड असेल तर त्याचं वेगळं स्टेटमेंट (बँकेच्या स्टेटमेंटमध्ये कार्डाचं फक्त बिल भरलेलं दिसतं, आतला खर्च दिसत नाही)
- कर्ज असेल तर हप्त्यांचा तक्ता, ज्यात मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलेलं असतं
- हिशोबाच्या फाइलची कॉपी, दुसऱ्या फोल्डरमध्ये
- कागद-पेन. हसू नका, लागतं.

१. आधी फाइल धड आहे का ते बघा

आकड्यांत शिरण्याआधी ही खात्री करा की तुम्ही बरोबर फाइल उघडली आहे. वेडगळ वाटेल, पण "माझ्या दोन महिन्यांच्या एन्ट्र्या गायब झाल्या" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. ग्नूकॅश सेव्ह करताना आधीच्या फाइलची एक कॉपी त्याच फोल्डरमध्ये ठेवतं, आणि तिच्या नावात तारीख आणि वेळेचे चौदा आकडे असतात. फोल्डर अशा कॉप्यांनी भरून जातं, आपण घाईत त्यातलीच एक डबल क्लिक करून उघडतो, तिच्यातच आठवडाभर काम करतो आणि पुढच्या वेळी मूळ फाइल उघडली की नवीन एन्ट्र्या नाहीत. गेलेल्या नसतात त्या, दुसऱ्या फाइलमध्ये बसलेल्या असतात. खिडकीच्या वरच्या पट्टीत फाइलचं नाव वाचा, त्यात लांबलचक आकडे दिसले तर तुम्ही बॅकअपमध्ये काम करताय. मग सेव्ह अ‍ॅज करून साधं, नवं नाव द्या आणि इथून पुढे तीच फाइल वापरा. मूळ फाइल लगेच उडवू नका, दोन्हीत काय काय आहे ते आधी बघा.

दुसरा प्रकार लॉकचा. सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं किंवा लाइट गेली की पुढच्या वेळी मेसेज येतो की फाइलचं लॉक मिळत नाहीये. म्हणजे फाइल बिघडली असं नाही. फाइल उघडी असताना शेजारी एलसीके शेपटीची एक छोटी फाइल तयार होते आणि नीट बंद केलं की ती आपोआप जाते, नीट बंद झालं नाही तर ती तशीच राहते एवढंच. पण "तरीही उघडा" दाबण्याआधी एकदा बघा की हीच फाइल दुसऱ्या खिडकीत किंवा घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर खरोखर उघडी तर नाहीये ना. क्लाउडच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण दोन ठिकाणांहून सेव्ह केलं तर एकाचं काम दुसऱ्याखाली गाडलं जातं.

सेव्ह न करताच बंद पडलं असेल तरी एक आशा असते. त्याच फोल्डरमध्ये लॉग शेपटीच्या फाइली असतात, तुम्ही केलेले बदल त्यांत टिपलेले असतात. फाइल मेनूत इम्पोर्टखाली लॉग रिप्ले करायची सोय आहे, शेवटची सेव्ह झालेली फाइल उघडून तिच्यानंतरचा लॉग त्यात चालवायचा. कॉपीवर करून बघा, थेट खऱ्या फाइलवर नको.

आणि एक, फाइल सेव्ह करताना एसक्यूलाइट प्रकार निवडला असेल तर प्रत्येक एन्ट्री तिथल्या तिथे सेव्ह होते. "काहीतरी चुकलं, सेव्ह न करता बंद करू" ही युक्ती तिथे चालत नाही. नेहमीच्या एक्सएमएल प्रकारात चालते.

२. नावे आणि जमा: इथेच सगळे पडतात

हा भाग सावकाश वाचा, बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

आपल्या डोक्यात "जमा" म्हणजे पैसे आले. पगार जमा झाला, पैसे जमा केले, असंच बोलतो आपण. बँकेचा मेसेजही तेच सांगतो, तुमचं खातं क्रेडिट झालं. मग आपण सॉफ्टवेअर उघडतो आणि तिथे पगार आला की बँक खात्याला डेबिट, म्हणजे नावे! मी पहिल्या दिवशी सगळ्या एन्ट्र्या उलट्या टाकल्या होत्या, बँकेत शिल्लक वजा, खर्च वजा, आणि मी मात्र खूश की बेरीज जुळतेय. बेरीज जुळणारच ना, दोन्ही बाजू उलट्या केल्यावर.

गंमत म्हणजे मराठी शब्दातच उत्तर आहे, इंग्रजी शब्दापेक्षा सोपं. "त्याच्या नावे लिही" असं दुकानदार म्हणतो तेव्हा काय अर्थ असतो? त्याच्याकडून यायचेत, तो आपलं देणं लागतो. आता बँकेत पगार आला म्हणजे काय झालं? बँकेकडे आपले पैसे आले, म्हणजे बँक आपलं देणं लागते. म्हणून बँकेच्या नावे लिहायचं. झालं!

मग बँक क्रेडिट का म्हणते? कारण ती तिच्या वहीतून बोलते. तिच्या वहीत तुम्ही तिचे धनको, तुमचे पैसे ही तिची देणी, म्हणून तुम्हाला जमा. एकच घटना, दोन वह्या, दोन्ही बरोबर. स्टेटमेंटवरचे डेबिट-क्रेडिट हे शब्द तुमच्या वहीत जसेच्या तसे उतरवू नका, ते बँकेच्या बाजूने लिहिलेले असतात.

जुने तीन नियम आहेत, पुस्तपालनात पाठ करून घेतात ते:

- व्यक्तीचं खातं: घेणारा नावे, देणारा जमा
- वस्तू-संपत्तीचं खातं: जे येतं ते नावे, जे जातं ते जमा
- उत्पन्न-खर्चाचं खातं: खर्च आणि नुकसान नावे, उत्पन्न आणि फायदा जमा

घरच्या हिशोबाला एवढे पुरतात. चार उदाहरणं कागदावर स्वतः लिहून बघा.

पगार ४०,००० आला: बँक नावे ४०,०००, पगार जमा ४०,०००.
वीजबिल १,२०० बँकेतून भरलं: वीज नावे १,२००, बँक जमा १,२००.
मित्राला रोख ५,००० उसने दिले: मित्र नावे ५,०००, रोख जमा ५,०००.
मित्राकडून बँकेत ५,००० उसने घेतले: बँक नावे ५,०००, मित्र जमा ५,०००.

शेवटच्या दोन ओळींत कुठेही उत्पन्न किंवा खर्च आला नाही हे पाहिलंत का? उसने पैसे आले तर आपण श्रीमंत होत नाही आणि दिले तर गरीब होत नाही. नवीन माणूस नेमका इथे "इतर उत्पन्न" नावाचं खातं काढतो.

ग्नूकॅश सुरुवातीला नावे-जमा हे शब्द दाखवतच नाही. बँकेच्या खात्यात डिपॉझिट-विथड्रॉवल, कार्डाच्या खात्यात पेमेंट-चार्ज, खर्चाच्या खात्यात एक्स्पेन्स-रिबेट असे प्रत्येक ठिकाणी वेगळे मथळे असतात, सोपं जावं म्हणून. मला ते सोपं कधीच गेलं नाही. लक्षात एवढंच ठेवा की खातं कुठलंही असो, डावा कॉलम नावे, उजवा जमा. प्रेफरन्सेसमध्ये अकाउंट्सच्या पानावर फॉर्मल अकाउंटिंग लेबल्स असा पर्याय आहे, तो चालू केला की सगळीकडे डेबिट-क्रेडिट दिसायला लागतं. माझं मत विचाराल तर पहिल्याच दिवशी चालू करा.

ही पद्धत कोणा प्रोग्रामरच्या डोक्यातून आलेली नाही. लुका पाचोली नावाच्या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती लिहून काढली, आणि तेव्हाही ती त्याची स्वतःची नव्हती, तिथले व्यापारी आधीपासून वापरतच होते. पाचशे वर्षं टिकलीय, त्यामुळे चूक पद्धतीची असेल ही शंका सोडून द्या.

३. खात्यांचे पाच प्रकार आणि वजाचं चिन्ह

मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च. बस, पाचच. बँक, रोख, ठेव, कोणाला दिलेले उसने पैसे हे मालमत्तेत. क्रेडिट कार्ड, कर्ज हे देण्यांत. समीकरण असं की मालमत्ता = देणी + भांडवल, आणि वर्षभरातलं उत्पन्न वजा खर्च शेवटी भांडवलातच मिसळतं.

"भांडवल? मी कुठे धंदा करतोय?" हा प्रश्न मलाही पडला होता. घरच्या हिशोबात भांडवल म्हणजे सगळी देणी फेडल्यावर तुमचं स्वतःचं म्हणून जे उरतं ते.

मालमत्ता आणि खर्च नावेने वाढतात, बाकीचे तीन जमाने वाढतात. म्हणून कच्च्या आकड्यांत उत्पन्नाच्या खात्यात वजाचं चिन्ह येतं. ग्नूकॅश नेहमी ते आपल्यासाठी उलटवून दाखवतं, पण प्रेफरन्सेसमध्ये रिव्हर्स बॅलन्स्ड अकाउंट्सची सेटिंग कोणी बदलली की अचानक पगार वजा दिसायला लागतो. हिशोब बिघडलेला नसतो. ती सेटिंग क्रेडिट अकाउंट्सवर परत आणा.

४. सुरुवातीची शिल्लक

हिशोब सुरू केला त्या दिवशी बँकेत २५,००० होते. ते उत्पन्न म्हणून टाकू नका, नाहीतर पहिल्या महिन्याचं उत्पन्न फुगलेलं दिसेल आणि वर्षाखेरीस तुम्ही स्वतःलाच विचाराल हे कुठून आले. बँक नावे, आणि भांडवलाखाली ओपनिंग बॅलन्सेस नावाचं खातं जमा. कार्डाची जुनी थकबाकी असेल तर उलटं. तारीख स्टेटमेंट जिथून सुरू होतं त्याच्या आदल्या दिवसाची घाला.

५. इम्बॅलन्स नावाचं खातं कुठून उगवलं?

तुम्ही बनवलं नव्हतं तरी यादीत इम्बॅलन्स आणि पुढे चलनाचं नाव असं एक खातं दिसतंय. एन्ट्री टाकताना दुसरी बाजू लिहायची राहिली की सॉफ्टवेअर तो अर्धा भाग तिथे नेऊन ठेवतं, हरवलेल्या सामानाच्या खोलीसारखं. ऑर्फन नावाचंही असतं, ज्या भागाचं मूळ खातंच सापडत नाही त्यासाठी. माझ्याकडे अकरा महिने ते इम्बॅलन्स तसंच साठत होतं कारण मला वाटलं सॉफ्टवेअरचं काहीतरी आतलं काम असेल.

साफ करायचं ते असं. इम्बॅलन्स उघडा, प्रत्येक ओळ कशाची आहे ते आठवा (वर्णन लिहिलं असेल तर आठवेल, नसेल तर स्टेटमेंट आहेच) आणि दुसरी बाजू योग्य खात्यात न्या.

पण थांबा, इथे एक खड्डा आहे. इम्बॅलन्स खात्याच्या आत उभं राहून ट्रान्सफरचा कॉलम बघाल तर तिथे बँकेचं नाव दिसेल, कारण तिथून बघताना समोरची बाजू बँक आहे. तो कॉलम बदलून "किराणा" केलात तर एन्ट्री बँकेतून उडाली आणि इम्बॅलन्स जागच्या जागी राहिलं! दुखणं दुप्पट. म्हणून त्या ओळीवर उभं राहून जंप करा, बँकेच्या वहीत पोहोचाल, तिथल्या ट्रान्सफर कॉलममध्ये इम्बॅलन्स लिहिलेलं दिसेल, ते बदला. किंवा व्ह्यू मेनूत ऑटो-स्प्लिट चालू करा म्हणजे एन्ट्रीच्या सगळ्या ओळी उलगडतात आणि कोण काय आहे ते समोर दिसतं.

अ‍ॅक्शन्स मेनूत चेक अँड रिपेअर आहे. नाव ऐकून वाटतं सगळं दुरुस्त होईल. ते फक्त अर्धवट एन्ट्र्या शोधून इम्बॅलन्स नाहीतर ऑर्फनमध्ये टाकतं, खरं खातं कुठलं ते तुम्हीच सांगायचं.

एखादी एन्ट्री फक्त ०.०१ ने अडली असेल तर ते भागाकाराचं पाप, १०० चे तीन समान भाग ३३.३३ केले की एक पैसा उरतोच. कुठल्याही एका ओळीत ३३.३४ करा.

६. इम्पोर्ट करताना होणारे घोळ

स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली साधी मजकुराची फाइल) घेऊन थेट आत ओतायचा मोह होतो. ओता, पण आधी पाच ओळींची छोटी फाइल करून बघा, कॉपीवर.

तारखेचा फॉरमॅट पहिला शत्रू. ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे सॉफ्टवेअरला तुम्ही सांगायचंय. चुकीचं सांगितलं तर एरर येतेच असं नाही, बारा तारखेपर्यंतच्या एन्ट्र्या गुपचूप भलत्या महिन्यात जाऊन बसतात आणि तेरा तारखेपासून मात्र तक्रार सुरू होते. तक्रार तेराला आली की समजून जा.

मग रकमेचे कॉलम. काही स्टेटमेंटमध्ये आलेले-गेलेले असे दोन कॉलम असतात, काहींत एकच आणि वजाचं चिन्ह. एक एन्ट्री आत टाकून बघा, खर्च झाल्यावर बँकेची शिल्लक कमी झाली का? वाढली असेल तर चिन्हं उलटी लागलीत. वरच्या बँकेचं नाव-पत्त्याच्या ओळी आणि खालची बेरजेची ओळ वगळायला विसरू नका, बेरजेची ओळ एन्ट्री म्हणून आत गेली की काय होतं ते मी बघितलंय.

डुप्लिकेटचं म्हणाल तर बँकेकडून ओएफएक्स फाइल (हिशोबाच्या सॉफ्टवेअरसाठीच बनवलेला स्टेटमेंटचा प्रकार) मिळत असेल तर तीच घ्या. तिच्यात प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तीच फाइल चुकून दोनदा टाकली तरी आधी आलेल्या एन्ट्र्या ओळखल्या जातात. सीएसव्हीत तशी ओळख नसते, रक्कम आणि तारीख जवळपास सारखी दिसली तर सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. जुळवणीच्या पडद्यावर ए म्हणजे नवीन एन्ट्री म्हणून घे, सी म्हणजे ही आधीच आहे, तिलाच खूण कर. ही यादी न वाचता ओके दाबू नका, विशेषतः घरभाडं किंवा वीज यांच्या ठरलेल्या एन्ट्र्या शेड्युल करून ठेवल्या असतील तर, कारण त्या एकदा शेड्युलमधून येतात आणि एकदा इम्पोर्टमधून.

७. कार्ड, हप्ता, रिफंड

कार्डाचं बिल भरणं हा खर्च नाही. खर्च ज्या दिवशी कार्ड घासलं त्या दिवशी झाला: खर्च नावे, कार्ड जमा. बिल भरलं तेव्हा फक्त देणं फिटलं: कार्ड नावे, बँक जमा. दोन्हीकडे खर्च टाकला की महिन्याचा खर्च दुप्पट, आणि आपण घरच्यांवर डाफरतो की एवढा खर्च कोणी केला. (केलं होतं मी हे. माफी मागावी लागली.)

त्यात इम्पोर्टची भर पडते. बँकेच्या फाइलमध्ये "कार्ड पेमेंट" अशी ओळ, कार्डाच्या फाइलमध्ये "पेमेंट मिळालं" अशी ओळ, व्यवहार एकच. दोन्ही आत घेतल्या तर कार्ड खात्यात तुमचंच येणं दिसायला लागतं. आपल्या एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात जे काही जातं त्याची एकच बाजू घ्यायची. मी बँकेकडची घेतो आणि कार्डाकडची ओळ जुळवणीत आधीच्या एन्ट्रीशी जोडतो.

कर्जाचा हप्ता १०,००० गेला तर तो तीन ओळींचा असतो. समजा तक्त्यात मुद्दल ७,२०० आणि व्याज २,८०० आहे, तर कर्ज नावे ७,२००, व्याज खर्च नावे २,८००, बँक जमा १०,०००. सगळाच्या सगळा कर्ज खात्यात टाकलात तर कर्ज कागदावर भराभर फिटतं, बँकेला मात्र ते मान्य नसतं.

रिफंड उत्पन्नात टाकू नका. ज्या खर्चाच्या खात्यातून गेले त्याच खात्यात जमा करा, खर्च तेवढा कमी दिसेल. एटीएममधून काढलेले पैसे हाही खर्च नाही, बँकेतून रोख खात्यात हलवलेले पैसे आहेत.

८. रिकन्साइल, म्हणजे बँकेशी जुळवणी

दर एन्ट्रीसमोर एक छोटं अक्षर असतं. एन म्हणजे अजून तपासलं नाही, सी म्हणजे बँकेत दिसलं, वाय म्हणजे स्टेटमेंटशी पक्कं जुळलं. रिकन्साइलच्या खिडकीत स्टेटमेंटची तारीख आणि अखेरची शिल्लक टाकायची, मग कागदावर आहे त्या एकेका एन्ट्रीला टिक करत जायचं, खालचा फरक शून्य झाला की फिनिश. महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. सहा महिन्यांचं एकदम करायला बसलात तर रविवार गेला.

त्या खिडकीत बॅलन्स नावाचं एक बटन आहे. दाबलं की फरकाइतकी एन्ट्री आपोआप बनते आणि शून्य येतो. रात्रीचे बारा वाजलेले असतात, ३७० चा फरक असतो आणि ते बटन तिथे असतं... नका दाबू. पोस्टपोन दाबा आणि झोपा. त्या ३७० मध्ये एक राहिलेली एन्ट्री आणि एक दोनदा आलेली एन्ट्री असू शकते, आणि तुम्ही दोन्ही गाडून टाकाल.

सुरुवातीचीच शिल्लक चुकीची दिसत असेल तर? ती सॉफ्टवेअर साठवून ठेवत नाही, त्या खात्यातल्या सगळ्या वाय एन्ट्र्यांची बेरीज करतं. म्हणजे मागच्या जुळवणीनंतर तुम्ही एखादी वाय एन्ट्री बदललीत, उडवलीत किंवा तिचं खातं बदललंत. सॉफ्टवेअरने तेव्हा इशारा दिला होता, तुम्ही "पुन्हा विचारू नका"वर टिक केलं असेल. फरक जेवढा आहे तेवढ्या रकमेची एन्ट्री जुन्या स्टेटमेंटमध्ये शोधा, ती वहीत नसेल तर परत टाका आणि या वेळच्या जुळवणीत तिलाही टिक करा.

९. फरकाचा आकडा बोलतो

हा माझा आवडता भाग. एकेक एन्ट्री बघत बसण्याआधी फरकाचा आकडा कागदावर लिहा आणि त्याला चार प्रश्न विचारा.

तेवढ्याच रकमेची एन्ट्री कुठे आहे का? स्टेटमेंटवर असेल आणि वहीत नसेल तर राहिली, वहीत दोनदा असेल तर डबल झाली. एडिट मेनूत फाइंड आहे, रकमेवरून शोधता येतं.

निम्म्या रकमेची आहे का? २५० ची एन्ट्री उलट्या कॉलममध्ये पडली की फरक ५०० चा येतो. फरक ५०० असेल तर २५० शोधा.

नऊने भाग जातो का? शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले असतील. ८४० च्या जागी ४८० पडलं तर फरक ३६०, भागिले नऊ ४०. म्हणजे दहा आणि शंभरच्या जागचे आकडे, आणि त्या दोन आकड्यांत चारचा फरक, आठ आणि चार. शून्य जास्त पडलं तरी नऊनेच भाग जातो, १२५ चे १,२५० झाले तर फरक १,१२५, भागिले नऊ केलं की मूळ रक्कम १२५ हातात! दशांश चिन्ह दोन घरं सरकलं असेल तर ९९ ने भागून बघा.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर एकाहून जास्त चुका आहेत. मग कापत जायचं. स्टेटमेंटवर प्रत्येक ओळीपुढे शिल्लक असते, वहीतही असते. वर्षाच्या मधल्या तारखेला दोन्ही शिलका जुळतात का बघा. जुळतात, म्हणजे चूक नंतर आहे, उरलेल्या सहा महिन्यांच्या मध्यावर बघा. चार वेळा असं केलं की बारा महिन्यांतला नेमका महिना सापडतो.

आता हेही माहीत असू द्या की नावे आणि जमाची बेरीज सारखी आली, तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांचा तक्ता) सुंदर जुळली, तरी काही चुका तिला दिसतच नाहीत. एन्ट्री पूर्णपणे विसरली तर दोन्ही बाजू विसरल्या गेल्या. वीजेचा खर्च किराण्यात टाकला तरी बेरीज तीच. रक्कम दोन्हीकडे सारखीच चुकली तरी तीच. सॉफ्टवेअर तर एका बाजूने चूक करूच देत नाही, म्हणून आपल्या वाट्याला नेमक्या या न दिसणाऱ्याच चुका येतात. बँकेशी जुळवणी करायची ती यासाठीच. किराण्यात गेलेली वीज मात्र तिथेही सापडणार नाही, त्यासाठी महिन्याचा खर्चाचा रिपोर्ट डोळ्यांनी वाचावा लागतो.

१०. किरकोळ तक्रारी, पटापट

एन्ट्र्या दिसत नाहीत: व्ह्यू मेनूत फिल्टर बाय उघडून बघा, तारखेचं किंवा स्टेटसचं फिल्टर लागून राहिलेलं असतं.

वहीतली शिल्लक आणि रिपोर्टमधली शिल्लक वेगळी: रिपोर्टच्या ऑप्शन्समध्ये तारखा बघा. पुढच्या तारखेच्या एन्ट्र्याही असू शकतात, वहीत आज आणि उद्याच्या मध्ये निळी रेघ दिसते, तिच्याखाली काय आहे ते वाचा. वर्ष टाइप करताना चुकलं तर एन्ट्री तिथे खाली जाऊन लपते.

खात्यात एन्ट्रीच टाकता येत नाही: ते प्लेसहोल्डर केलेलं आहे, म्हणजे फक्त पोटखात्यांना एकत्र ठेवायला. खातं एडिट करून टिक काढा किंवा पोटखात्यात एन्ट्री टाका.

वर्षअखेर वही बंद करायची का? घरच्या हिशोबाला गरज नाही, रिपोर्टच्या तारखा बदलल्या की काम होतं. क्लोज बुक उगाच दाबून बघितलंत तर उत्पन्न-खर्चाची खाती शून्य होतील आणि घाबराल.

तरीही अडलं आणि कोणाला विचारायची वेळ आली तर स्वतःची फाइल पाठवू नका, तुमचा सगळा संसार त्यात आहे. नवी रिकामी फाइल करा, दोन-तीन खाती, खोटे आकडे, आणि तोच घोळ त्यात करून दाखवा. सोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फाइल एक्सएमएल आहे की एसक्यूलाइट, आणि काय व्हायला हवं होतं आणि काय झालं हे लिहा. ही खोटी फाइल बनवता बनवता माझे निम्मे प्रश्न पाठवण्याआधीच सुटलेत.